टकर ओलंड नापास

ऑर्व्हिल ग्राबोव्स्कीने आयुष्यात एकाच पत्राला उत्तर दिलं नव्हतं. बाकी सगळ्यांना दिलं होतं. वीज कंपनीच्या छापील सूचनेलाही त्याने एकदा आभाराचं पत्र धाडलं होतं, आणि दातांच्या डॉक्टरकडून येणाऱ्या आठवणीच्या कार्डावर तो न चुकता ‘येतो’ असं लिहून ते परत पाठवत असे. पण पाच वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात साउथ डाकोटाहून आलेलं निळ्या शाईतलं एक पत्र मात्र स्वयंपाकघराच्या खणात, हरवलेल्या कुलपांच्या किल्ल्या आणि संपलेल्या बॅटऱ्या यांच्या सोबतीने पडून होतं.

पत्र लहानसंच होतं. ‘श्री. ग्राबोव्स्की यांस, तुम्ही माझ्या मुलाला एफ दिलात असं त्याने फोनवर सांगितलं. आमच्या घरात आजवर कोणी नापास झालेलं नाही. माझं काही म्हणणं नाही. फक्त त्याने नेमकं काय सुधारावं तेवढं कळवाल का? आपली, लोर्ना ओलंड. ता.क. मी शाळेची बस चालवते. त्यामुळे पत्रच बरं.’

अडचण अशी होती, की त्या मुलाने काय सुधारावं हे ऑर्व्हिलला माहीत नव्हतं.

पोर्ट ऑल्डनमध्ये माणसाला दोन गोष्टी जन्मतःच मिळतात, सर्दी आणि डॉकर्स. पैकी सर्दी उन्हाळ्यात जाते. डॉकर्स हा गावचा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातांनी फेकायच्या खेळाचा, संघ. दर वर्षी एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट होतो, म्हणजे देशातले सगळे संघ पाळीपाळीने कॉलेजातली चांगली पोरं निवडतात. जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्याची पाळी पहिली. डॉकर्सना पहिल्या पाळीची इतकी सवय झाली होती, की गावातली लहान मुलं त्यालाच जिंकणं समजत.

ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रवाले आणि न्हावी, सगळे निवडलेल्या पोरांना एपासून एफपर्यंत शेरे देऊन मोकळे होतात. पोरांनी अजून अंगात गणवेशही घातलेला नसतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी संसाराला मार्क द्यावेत तसंच ते. ऑर्व्हिलला हे पटत नसे. त्याची सगळी नोकरी जिल्हा वाचनालयात पुस्तकं कुठल्या कपाटात जायची हे ठरवण्यात गेली होती, आणि वाचल्याशिवाय त्याने एकही पुस्तक जागेवर लावलं नव्हतं. म्हणून तो म्हणे, पोराला आधी खेळू द्या, मग बोलू; पक्का शेरा पाच वर्षांनी. लोकांना हे इतकं नवीन वाटलं, की दर एप्रिलला सेंट हेडविग चर्चच्या सभागृहात पिरोगीच्या, म्हणजे बटाटा भरलेल्या पोलिश करंज्यांच्या, जेवणानंतर गेल्या पाच वर्षांच्या निवडीचा निकाल ऑर्व्हिलनेच वाचायचा, अशी पद्धत पडली. गावात बाकी कशावर एकमत नव्हतं, पण ऑर्व्हिलच्या निकालावर वाद घालणं म्हणजे हवामानाशी भांडणं, असं सगळे धरून चालत.

स्वतःचा नियम त्याने एकदाच मोडला होता. पाच वर्षांपूर्वी डॉकर्सनी तिसऱ्या फेरीत, चांगले धावणारे, फेकणारे, अडवणारे समोर रांगेत उभे असताना, एक लाँग स्नॅपर निवडला. लाँग स्नॅपर म्हणजे जो ओणवा होऊन दोन पायांमधून चेंडू लांब मागे फेकतो तो. हे काम सामन्यात मोजक्या वेळा पडतं, आणि ते नीट झालं तर करणाऱ्याचं नाव कोणाला कळत नाही. असा माणूस शेवटच्या फेरीत, नाहीतर ड्राफ्ट संपल्यावर फोन करून बोलावतात. गाव इतकं संतापलं, की साप्ताहिकाच्या संपादकाने ऑर्व्हिलच्या दारात उभं राहून त्याच्याकडून एक ओळ लिहून घेतली. ‘टकर ओलंड, लाँग स्नॅपर: एफ.’

त्यानंतर दर एप्रिलला तो एफ तसाच राहिला. पत्राला उत्तर न देता शेरा बदलला तर त्या बाईंना वाटेल पत्रामुळे बदलला. शेरा न बदलता उत्तर द्यावं तर त्यात लिहायचं काय? असं करत करत दोन्ही गोष्टी जिथल्या तिथे राहिल्या.

या वर्षी मात्र टकरची पाच वर्षं भरत होती. पुढच्या एप्रिलला त्याचं नाव निकालातून उतरणार. आज जो शेरा वाचला जाईल तो कायमचा.

शनिवारी सकाळी ऑर्व्हिल टोस्टला लोणी लावत असताना सेंट हेडविगच्या फादर डोंबेक यांचा फोन आला.

“ऑर्व्हिल, आनंदाची बातमी. संध्याकाळला पाहुणा मिळाला. डॉकर्सचा खेळाडू, खराखुरा.”

“कोण?”

“कितीजणांना फोन केले. सगळे फ्लोरिडात. एकाने उचलला. टकर ओलंड. फार गोड मुलगा आहे रे. म्हणाला, आई आलीय भेटायला, तिलाही आणतो.”

ऑर्व्हिलच्या हातातली सुरी लोण्यात उभी राहिली.

“फादर, त्याचा निकाल आज वाचायचाय.”

“तेच तर. समोरासमोर ऐकेल बिचारा. लोकांना मजा येईल,” असं म्हणून फादरनी फोन ठेवला.

“तोंड का उतरलं?” त्याच्या बायकोने, बर्निसने विचारलं. ती संध्याकाळच्या पिरोगीसाठी बटाटे कुस्करत होती.

“ती येतेय.”

“कोण ती?”

ऑर्व्हिलने खणाकडे पाहिलं. बर्निसनेही पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारात काही गोष्टींना नाव घ्यावं लागत नाही.

“मग आता तरी उत्तर लिही.”

“आज टाकलं तर पोचणार नाही.”

“अरे, ती समोर येऊन बसणार आहे. पोचायला काय झालं?” बर्निसने बटाट्यावर जोर दिला. “नाहीतर तो एफ काढून टाक.”

“कारण?”

“गेल्या पाच वर्षांत त्या पोराचा एक तरी चेंडू चुकलाय?”

“एकही नाही.”

“मग?”

“प्रश्न चेंडूचा नाही गं. तिसऱ्या फेरीत स्नॅपर घेणं म्हणजे...”

“म्हणजे चूक निवडणाऱ्यांची, आणि नापास पोरगा.”

पाच वर्षांत ऑर्व्हिल जेव्हा जेव्हा उत्तर लिहायला बसला होता तेव्हा याच वाक्यापाशी येऊन थांबला होता. पुढचं वाक्य असं झालं असतं, की बाई, दुसऱ्यांच्या चुकीसाठी मी तुमच्या मुलाला नापास केलं. आणि ते लिहायला लागणारं पेन त्याला सापडत नव्हतं.

त्याने निकालाचा कागद समोर घेतला, टकरच्या नावापुढचा एफ खोडला आणि सी केला. सी म्हणजे बेताचा, पण पास. त्याला बरं वाटलं. मग त्याची नजर वरच्या ओळीवर गेली.

वरच्या ओळीवर कोल्बी रेन्स होता, पहिल्या फेरीतला क्वार्टरबॅक. चेंडू सुंदर फेकायचा, पण बहुतेक वेळा समोरच्या संघाच्या हातात. त्याला डी होता. आता स्नॅपरला सी आणि क्वार्टरबॅकला डी, हे कसं चालेल? एफपेक्षा डी वरचा, हा क्रम ऑर्व्हिलने पाच वर्षं विचार करून लावला होता. रेन्सला बी झाला. रेन्सच्या वर ड्वेन प्रुइट होता, ज्याचे गुडघे त्याच्याआधी निवृत्त झाले होते. त्याला सी होता, त्याचा ए झाला. ज्याने दोन हंगामांतच खेळ सोडून व्हर्माँटला शेळ्या पाळल्या आणि चीज करायला घेतलं, त्या मॉर्टन फेल्ट्सलाही बी मिळाला. कपाटातलं एक पुस्तक सरकवलं की पुढची सगळी सरकवावी लागतात. दुपारी ऑर्व्हिलने बेरीज केली तेव्हा डॉकर्सच्या पाच वर्षांच्या निवडीला एकूण बी प्लस मिळाला होता.

गेल्या हंगामात डॉकर्स तीन सामने जिंकले होते. त्यातला एक तर सरोवरावरून आलेल्या वाऱ्याने समोरच्यांचा चेंडू परत फिरवल्यामुळे.

“बर्निस, हे बरोबर वाटतंय का?”

“मला नको विचारूस. मी स्नॅपरपुरतंच बोलले होते.”

एवढ्यात शेजारची विल्मा मोठं पातेलं न्यायला मागच्या दाराने आत आली. पातेलं उचलता उचलता तिने टेबलावरचा कागद वाचला. पुन्हा वाचला.

“हे आपल्याच डॉकर्सचं आहे ना?”

“हो,” ऑर्व्हिल म्हणाला.

विल्माने बर्निसकडे पाहिलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती निघून गेली. पातेलं तिथेच राहिलं.

थोड्याच वेळात दाराशी पहिला कॅसरोल आला. पोर्ट ऑल्डनमध्ये एखाद्या घरी आजारपण आलं की शेजारी नूडल्स, ट्यूना आणि चीज घालून भट्टीत भाजलेलं भांडं आणून ठेवतात, वर फॉइल आणि फॉइलवर चिकटपट्टीने आपलं नाव. दुपार कलेपर्यंत ओट्यावर कॅसरोलची रांग लागली होती. एकावर नावाखाली ‘आम्ही सोबत आहोत’ असंही लिहिलं होतं.

मग लेनर्ड क्रुपा आला. हा आगीच्या बंबावरचा निवृत्त माणूस, सभागृहात कायम शेवटच्या रांगेत बसून मोठ्याने बोलणारा. आज तो हळू बोलत होता.

“कसा आहेस गड्या?”

“बरा आहे.”

“माझं नाव काय सांग बघू.”

“लेनर्ड.”

“शाब्बास. आणि डॉकर्स शेवटचे प्लेऑफला कधी गेले होते?”

“आपल्या हयातीत नाही.”

क्रुपाने बर्निसला बाजूला घेतलं. “आठवण शाबूत आहे. बुद्धीवर परिणाम झालाय.”

ऑर्व्हिलने खरं कारण सांगायला तोंड उघडलं. पण एका आईच्या भीतीने आपण अख्ख्या संघाला वर ढकललं, हे क्रुपाला सांगण्यापेक्षा बुद्धीवर परिणाम झालेला बरा असं वाटून त्याने ते मिटलं. फादर डोंबेकचाही पुन्हा फोन आला. “ऑर्व्हिल, मी आजाऱ्याच्या कपाळाला लावायचं पवित्र तेल घेऊन येऊन जाऊ का? तसं काही नाही, सहज.”

“फादर, मी ठीक आहे.”

“सगळे तसंच म्हणतात रे.”

संध्याकाळी सभागृहात तळलेल्या कांद्याचा आणि बीटच्या सूपचा वास भरला होता. ऑर्व्हिल आत आला तेव्हा माणसं त्याला वाट करून देत होती, आणि एकीने तर त्याला खुर्ची आणून दिली. पुढच्या रांगेत टकर ओलंड बसला होता. एवढा मोठा, की त्याच्या मागच्यांना व्यासपीठ दिसत नव्हतं, पण कोणी वाकून बघू लागलं की तो आपणहून ‘सॉरी हं’ म्हणून खाली सरके. त्याच्या शेजारी त्याची आई. लहानखुरी, ताठ बसलेली, मांडीवर थर्मास. ती मान न वळवता नुसत्या डोळ्यांनी सगळ्या सभागृहावर नजर ठेवून होती, आरशातून मागच्या पोरांवर ठेवावी तशी.

ऑर्व्हिल तिच्याकडे पाहायचं टाळून मिठाच्या डबीकडे पाहत राहिला.

जेवणं झाल्यावर फादरनी टकरला पुढे बोलावलं. “जरा दाखव बाबा, तू करतोस काय ते. मी इतकी वर्षं सामने बघतोय, पण तेवढ्या वेळात नेमका पाणी प्यायला उठतो.”

क्रुपाने ढांगा टाकून अंतर मोजलं. फादर सभागृहाच्या टोकाला, स्वयंपाकघरातून ताटं देण्याच्या खिडकीसमोर, छातीशी हात धरून उभे राहिले. टकर ओणवा झाला, दोन पायांमधून एकदा मागे पाहिलं आणि चेंडू सोडला. ठप्प. तो फादरच्या हातांत होता. त्यांनी हात हलवलेसुद्धा नव्हते.

“आता डोळे मिटा, फादर.”

फादरनी डोळे मिटून काहीतरी पुटपुटलं. ठप्प. चेंडू पुन्हा हातांत. लोकांनी टेबलं वाजवली. तिसऱ्या फेरीत आपण नेमकं काय विकत घेतलं ते पाच वर्षांनी गावाने पहिल्यांदा पाहिलं.

मग ऑर्व्हिल निकाल वाचायला उठला. “ड्वेन प्रुइट,” तो म्हणाला. “ए.”

कोणाच्या तरी हातातून काटा पडला.

“कोल्बी रेन्स. बी.”

“अरे देवा,” क्रुपा मागून म्हणाला. “खरंच आहे तर.”

“मॉर्टन फेल्ट्स, बी.”

“शेळ्यांसाठी?” कोणीतरी विचारलं. विल्माने छातीवर क्रूस काढला. ऑर्व्हिलला कागदावरची अक्षरं पोहताना दिसत होती, पण आता एकच नाव राहिलं होतं आणि त्या एका नावासाठी हा सगळा खटाटोप होता.

“टकर ओलंड,” तो म्हणाला. “सी.”

“सी?” टकरने विचारलं.

“सी.”

“म्हणजे पास?”

“पास.”

टाळ्या एकट्या फादरनी वाजवल्या. ऑर्व्हिलने धीर करून टकरच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे आनंद असेल असं त्याला वाटलं होतं. पण जिना संपलाय हे न कळता आणखी एक पायरी समजून माणूस पाय टाकतो, तेव्हा दिसतं तसं ते तोंड दिसत होतं. आईने थर्मासचं झाकण गच्च आवळलं.

सभागृह एवढं गप्प झालं, की फादरना राहवेना. “टकर, बाळ, पास झाल्याबद्दल आणखी एक होऊन जाऊ दे.”

टकर ओणवा झाला. चेंडू फादरच्या डोक्यावरून गेला, खिडकीतून आत शिरला आणि बीटच्या सूपच्या पातेल्यात पडला. आत पाचजणी होत्या. पाचही लाल झाल्या. विल्माची किंकाळी ऐकून क्रुपाने इतक्या वर्षांच्या सवयीने भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उपसलं, “सगळे खाली बसा” म्हणून ओरडत तो स्वयंपाकघरात धावला, आणि आग कुठेच नाही हे पाहून जरा हिरमुसून ते परत टांगून आला.

“होतं असं कधीकधी,” फादर म्हणाले, आणि लाल चेंडू पुसून परत दिला.

दुसरा चेंडू भिंतीवरच्या बिशपच्या तसबिरीला लागला. टकर सरळ उभा राहिला आणि स्वतःच्या हातांकडे, ते कोणीतरी बदलून नेल्यासारखा, बघत राहिला.

ऑर्व्हिल कोट टांगायच्या खोलीत जाऊन उभा राहिला. ओल्या लोकरीचा वास येत होता. मागून दार लागलं.

“ग्राबोव्स्की ना तुम्ही?”

“हो. बाई, तुमचं पत्र मिळालं होतं,” ऑर्व्हिल म्हणाला. सुरुवात वेगळी करायची असं त्याने पाच वर्षं ठरवलं होतं.

“मिळणारच. पत्ता मीच लिहिला होता,” लोर्ना ओलंड म्हणाल्या. “ते राहू दे. आधी सांगा, हा सी कशाबद्दल? काय सुधारलं त्याने?”

“सगळंच. म्हणजे, मला त्यातलं काही कळत नाही.”

“मग माझ्यासाठी दिलात.”

ऑर्व्हिलने समोरच्या कोटाला मान हलवून होकार दिला.

बाई बाकावर बसल्या आणि थर्मासमधली कॉफी झाकणात ओतली. “हा लहानपणापासून एवढा मोठा आणि एवढा गोड, की त्याला कधी कोणी नापास केलं नाही. मास्तरांनी नाही, कोचनी नाही. तुम्ही पहिले. साप्ताहिकातल्या तुमच्या त्या ओळीचं कात्रण त्याने कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. दर रविवारी ते वाचतो आणि मग मैदानात जातो.”

“तो एफ?”

“एफच. आणि फोन केला की विचारतो, आई, ग्राबोव्स्कींचं उत्तर आलं का? मी म्हणते, नाही रे. मग त्याला वाटतं, हात चुकत असतील. महिनाभर हातच. मग पाय. मग मान. मग म्हणे श्वास. तुमचं उत्तर आलं असतं, तर एक गोष्ट सुधारून स्वस्थ बसला असता. आलं नाही, म्हणून सगळंच सुधारत बसला.”

आपल्या न लिहिण्याबद्दल चांगलं बोललेलं ऑर्व्हिल प्रथमच ऐकत होता. “म्हणजे मी उत्तर दिलं नाही ते...”

“बरं केलंत असं नाही म्हणणार मी. वाईटच सवय ती. पण उपयोगी पडली.” त्यांनी एक घोट घेतला. “सोमवारी त्याची चाचणी आहे. करार संपतोय आणि दोन नवी पोरं बोलावलीत. तिघांत एक ठेवणार. आणि तुम्ही आज त्याला पास करून ठेवलंत.”

इतकी वर्षं अडकलेलं वाक्य ऑर्व्हिलच्या तोंडून बाहेर पडलं. “पण बाई, खरं सांगायचं तर तो एफ त्याचा नव्हताच. ज्यांनी त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं त्यांचा होता. तो पोरगा पहिल्यापासून उत्तम होता.”

लोर्नाबाईंनी उरलेली कॉफी परत थर्मासमध्ये ओतली.

“ते मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “त्याला सांगाल तर याद राखा.”

ऑर्व्हिलने कागदाशिवाय चार माणसांत कधी तोंड उघडलं नव्हतं. आता तो सभागृहाच्या मध्ये जाऊन उभा राहिला आणि हातात कागद नाही हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

“मी चुकलो,” तो म्हणाला. “मघाचा निकाल खरा नव्हता.”

तो बोटांवर मोजू लागला.

“ड्वेन प्रुइट, सी.”

मागच्या रांगेत हालचाल झाली.

“मॉर्टन फेल्ट्स, डी. कोल्बी रेन्स, डी.”

कोणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने.

“एकूण निवड,” ऑर्व्हिल म्हणाला, आणि आवाज जरा सापडल्यासारखा झाला, “डी. तोही सभ्यपणे बोलायचं म्हणून.”

सगळं सभागृह उठून उभं राहिलं. डॉकर्सना जिंकल्यावरसुद्धा एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. क्रुपाने डोळे पुसले. “बरा झाला माणूस,” तो शेजाऱ्याला सांगत होता. “मी म्हटलं नव्हतं, आठवण शाबूत आहे?”

“मग माझं कॅसरोलचं भांडं उद्या दे परत,” अंगभर बीट घेऊन उभी असलेली विल्मा म्हणाली. “खाल्लं असशील तर असू दे.”

ऑर्व्हिल टकरकडे वळला. तो मुलगा हात खाली सोडून वाट बघत होता, डॉक्टरसमोर बसावं तसा.

“टकर ओलंड,” ऑर्व्हिल म्हणाला. “एफ.”

टकरने सोडलेला श्वास पहिल्या तीन रांगांना जाणवला. “थँक यू, सर.” मग त्याच्या कपाळावर आठी आली. “पण माझी पाच वर्षं संपली ना आज? म्हणजे हा शेवटचा?”

त्याच्या मागून दोन डोळे ऑर्व्हिलवर रोखलेले होते.

“नियम तसा आहे,” ऑर्व्हिल म्हणाला. “तुमच्याबाबतीत मात्र... मी चालू ठेवतो. अजून मत बनलेलं नाही.”

टकर हसला. संध्याकाळपासून पहिल्यांदाच. तो ओणवा झाला, पायांमधून एकदा मागे पाहिलं. फादर डोंबेक, कॉलरपर्यंत लाल झालेले, छातीशी हात धरून उभे राहिले आणि यावेळी कोणी न सांगताच त्यांनी डोळे मिटले. ठप्प.

निघताना टकरने ऑर्व्हिलचा हात आपल्या पंजात घेतला. “सर, एक विचारू? चुकतंय काय नेमकं?”

ऑर्व्हिल विचारात पडला. त्याला खरंच माहीत नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्याचं त्याला वाईट वाटत नव्हतं. “कळवतो,” तो म्हणाला.

“पत्राने?”

“पत्रानेच.”

सोमवारी दुपारी विल्माने कुंपणावरूनच बातमी दिली. रेडिओवर सांगितलं होतं, सगळ्यात शेवटी, हवामानाच्याही नंतर: डॉकर्सनी लाँग स्नॅपर टकर ओलंडला ठेवून घेतलंय, नवी पोरं परत पाठवली. बर्निस भांडी घासता घासता थांबली आणि तिने ऑर्व्हिलसमोर पेन ठेवलं. ते पहिल्या खेपेलाच सापडलं होतं.

मंगळवारी सकाळी ती त्याला गाडीतून पोस्टाच्या निळ्या पेटीशी घेऊन गेली. तो उतरला, पेटीशी गेला आणि पाकीट हातात धरून परत खिडकीशी आला.

“तू एकदा वाच,” तो म्हणाला. “अजून चिकटवलं नाही.”

बर्निसने चष्मा लावला. ‘श्रीमती ओलंड यांस, आपलं पत्र मिळालं. टकरने नेमकं काय सुधारावं याचा विचार चालू आहे. ठरलं की कळवीन. तोपर्यंत एफ. आपला, ऑर्व्हिल ग्राबोव्स्की.’

“पाच वर्षांत एवढंच?”

“तेच म्हणतोय मी. घाई तर होत नाहीये ना?”

बर्निसने पाकिटाला जीभ लावली, ते बंद केलं आणि गाडीतून उतरून पेटीत टाकलं. झाकण खणकन मिटलं. ती गाडीत बसेपर्यंत ऑर्व्हिल तिथेच उभा होता. मग इकडेतिकडे पाहून त्याने झाकण पुन्हा उघडलं आणि आत डोकावला. पाकीट खाली गेलं होतं.